पिकअप-ट्रॅक्टरला चार्जर, लाइट, जीपीएस जोडताना: आधी फ्यूज, मग वायर



आज पिकावर नाही, गाडीवर बोलायचं आहे. मागच्या पंधरवड्यात आपल्या एका सभासदाचा पिकअप रात्रीच कांदा भरून तयार होता. पहाटे चारला चावी फिरवली तर नुसतं टक-टक, सेल्फ घेईना. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावून गाडी सुरू केली, पण बाजार समितीत पोहोचेपर्यंत सकाळचा लिलाव निम्मा उरकला होता. कारण काय, तर मोबाईलचा चार्जर, साउंड आणि मागची एलईडी पट्टी, तिन्ही बॅटरीवर डायरेक्ट. पट्टी रात्रभर चालूच राहिली.

बॉनेट उघडलं तेव्हा याहून वाईट गोष्ट दिसली. बॅटरीवरून केबिनमध्ये गेलेली लाल वायर पत्र्याच्या भोकाच्या कडेला घासून आतलं तांबं दिसायला लागलं होतं. आणि त्या वायरला फ्यूजच नव्हता.

पुष्कळांना वाटतं फ्यूज चार्जरला वाचवतो. तसं नाही, फ्यूज वायरला वाचवतो. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या मायनसला जोडलेला असतो, त्यामुळे लाल वायर कुठेही पत्र्याला टेकली की शॉर्ट. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण शॉर्ट झाला की हीच बॅटरी शेकडो अँपिअर करंट सोडते. बारीक वायर काही सेकंदांत लालबुंद होते, आणि तिच्या शेजारी डिझेलचा पाइप, तेलकट धूळ, प्लास्टिक सगळं असतंच. म्हणून फ्यूज चार्जरजवळ नको, *बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात* हवा. बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं, तो जितका आखूड तितका बरा.

फ्यूज किती अँपिअरचा? वॅटला १२ ने भागा. १८ वॅटचा चार्जर दीड अँपिअर घेतो, थोडं नुकसान धरून दोन. त्याला ३ अँपिअरचा जांभळा किंवा ५ चा बदामी फ्यूज पुरे. ५५ वॅटचे दोन हॅलोजन लाइट म्हणजे ११० वॅट, नऊ अँपिअरच्या वर. त्याला १५ चा निळा फ्यूज, वायर किमान २.५ चौरस मिलिमीटरची, आणि मध्ये रिले लागतोच. एवढा भार डॅशबोर्डच्या छोट्या बटणावर घेतला तर बटण वितळतं. फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा घालणं किंवा त्यावर तांब्याची तार गुंडाळणं हा उपाय नव्हे. उडतोय म्हणजे कुठेतरी दोष आहे, तो शोधा.

चार्जर आणि साउंडची लाइन चावीवर घ्या, म्हणजे चावी काढली की बंद. जीपीएसला मात्र चोवीस तास सप्लाय लागतो. तो फार घेत नाही, पण हिशेब करून बघा: ५० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची ७५ अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी गेलीच समजा. अशा वेळी आठवड्यातून एकदा इंजिन अर्धा तास चालवा, नाहीतर मायनस काढून ठेवा.

नवीन गाडी असेल तर कंपनीची वायर सोलू नका, पुढे वॉरंटीला अडवतात. फ्यूज बॉक्समध्ये बसणारा ‘फ्यूज टॅप’ दुकानात मिळतो, त्यातून जादा लाइन निघते. एअरबॅग, एबीएस आणि इंजिन कॉम्प्युटरच्या फ्यूजला मात्र हात लावायचा नाही.

जोड पिळून वर काळी टेप, ही आपली जुनी सवय. इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद सुटतो आणि आपल्या रस्त्यांवर जोड हलून हलून सैल होतो. लग दाबून वर स्लीव्ह चढवायला सांगा, पत्र्याच्या भोकात रबरी बुश घालायला सांगा. अर्थिंग रंगावर नको, रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर बोल्टने घट्ट हवं. काम सुरू करताना आधी मायनस काढायचा आणि शेवटी मायनसच लावायचा. उलट केलं तर पाना प्लसवरून पत्र्याला टेकतो आणि ठिणगी उडते.

मोठ्या ट्रकला बहुधा २४ व्होल्ट असतात. त्याला लावायच्या चार्जरवर ‘१२-२४’ लिहिलेलं बघूनच घ्या. आणि ३०० वॅटचा इन्व्हर्टर लायटरच्या सॉकेटवर चालवू नका, तो पूर्ण भाराला २५ अँपिअरच्या वर खेचतो.

आपली बॅटरी कशी आहे ते पहाटे गाडी सुरू करण्याआधी मल्टीमीटरने बघा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली असेल तर रात्रभर काहीतरी खातंय. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत, कमी दिसले तर चार्जिंगची बाजू तपासून घ्या.

मल्टीमीटर संकलन केंद्रावर ठेवला आहे. माल उतरवायला याल तेव्हा बॉनेट उघडून दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे.