गुणगणना, हौशी दुहेरी सामन्यांतील

क्लब, निवासी वसाहती इत्यादींच्या हौशी स्पर्धांत अधिकृत नियमांऐवजी परस्परसंमतीने अवलंबिल्या जाणाऱ्या गुणमोजणीच्या पद्धती. बॅडमिंटन, टेनिस, पॅडल यांसारख्या रॅकेटच्या खेळांत त्या आढळतात. क्रीडांगणांची अल्प संख्या, मर्यादित वेळ व खेळाडूंच्या कौशल्यातील तफावत ही त्यांमागील प्रमुख कारणे होत.

बॅडमिंटनचे पुण्याशी जुने नाते असून एकोणिसाव्या शतकात तेथील ब्रिटिश लष्करी अधिकारी हा खेळ खेळत. २००६ पूर्वीच्या रूढ पद्धतीत सर्व्हिस करणाऱ्या बाजूसच गुण मिळे. त्या वर्षी प्रत्येक रॅलीस गुण देणारी, २१ गुणांच्या तीन डावांची पद्धती जागतिक संघटनेने स्वीकारली. नागपूरच्या मालविका बनसोड हिने जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपन स्पर्धेत साइना नेहवालवर २१–१७, २१–९ असा विजय मिळविला, तो याच पद्धतीने. तीत एकूण गुणांपेक्षा जिंकलेले डाव निर्णायक ठरतात. उदा., २१–१९, १०–२१, २१–१९ अशा सामन्यात विजेत्याचे ५२, तर पराभूताचे ५९ गुण होतात.

हौशी स्पर्धांत एकाच डावाचा सामना खेळणे किंवा दुर्बल बाजूस आरंभीच काही गुणांची सवलत देणे, हे सोपे उपाय होत. पॅडल या १९६९ मध्ये मेक्सिकोतील आकापुल्को येथे उगम पावलेल्या दुहेरी खेळात ‘अमेरिकानो’ पद्धती लोकप्रिय आहे. तीत प्रत्येक फेरीत साथीदार बदलतो व सामना ठराविक, उदा., २४ गुणांचा असतो. निकाल १४–१० लागल्यास विजयी जोडीतील प्रत्येकाच्या खाती १४ व पराभूतांच्या खाती १० गुण जमा होतात. आठ खेळाडूंच्या स्पर्धेत दोन क्रीडांगणांवर सात फेऱ्या होतात. योग्य तक्ता आखल्यास प्रत्येक जण इतर प्रत्येकाचा एकदा साथीदार व दोनदा प्रतिस्पर्धी होतो. त्यामुळे दुर्बल साथीदाराचा भार एकावरच पडत नाही आणि हरत असतानाही प्रत्येक गुणाचे मोल टिकून राहते. ‘मेक्सिकानो’ या प्रकारात प्रत्येक फेरीनंतरच्या गुणानुक्रमानुसार नव्या जोड्या लावतात. परिणामी पुढील सामने अधिक तुल्यबळ होतात.

खेळाडूंची संख्या चारने विभाज्य नसल्यास काहींना फेरीगणिक थांबावे लागते. अशा वेळी केवळ एकूण गुणांवर क्रम लावणे अन्यायकारक ठरू शकते. म्हणून प्रतिसामना सरासरी काढणे श्रेयस्कर. क्रमनिश्चितीचा नियम स्पर्धेपूर्वीच जाहीर करणे इष्ट होय.