न ठणकणारा कान

लहान मुलाचा कान ठणकू लागला म्हणजे घरात काय गडबड उडते, हे सांगायला नको. बहुधा रात्रीची वेळ असते. मूल उशीवर डोके टेकू देत नाही. कोणी लसूण घालून कढवलेले तेल कानात सोडते, कोणी तव्यावर गरम केलेल्या फडक्याने शेकते. पहाटे कधी तरी कान फुटतो, उशीवर पिवळसर डाग पडतो आणि पोर गाढ झोपी जाते. तेल लागू पडले, असे घरच्यांना वाटते.

प्रत्यक्षात काय झालेले असते? कानाचा पडदा हा सुमारे ९ मिलिमीटर व्यासाचा आणि जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचा पापुद्रा आहे. त्याच्या आतल्या बाजूला मध्यकर्ण नावाची हवेने भरलेली चिमुकली पोकळी असते. ही पोकळी एका नळीने नाकाच्या मागच्या भागाशी जोडलेली असते. तिला यूस्टेशियन नलिका म्हणतात. मोठ्या माणसात ही नळी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांब व तिरपी असते. तान्ह्या मुलात ती त्याच्या निम्मी आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दीतले जंतू नाकामागून कानात सहज पोचतात. आत पू साठतो, पडदा ताणला जातो आणि त्यातील मज्जातंतू ओरडू लागतात. पडद्याला भोक पडून पू बाहेर आला की ताण सुटतो आणि वेदना थांबते. रोग मात्र आत तसाच असू शकतो. ‘दुखायचे थांबले म्हणजे बरे झाले’ हा हिशेब कानाच्या बाबतीत पहिल्याच पायरीवर चुकतो.

आता याहून अवघड प्रश्न पाहू. मुळात कान दुखलाच नाही तर?

त्यासाठी वेदना कोठून येते ते समजून घ्यावे लागेल. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने दाहाची चार लक्षणे लिहून ठेवली आहेत : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. वैद्यकाचे विद्यार्थी ती आजही पाठ करतात. ही चारही लक्षणे मुख्यतः आपल्या शरीराच्या प्रतिकारातून निर्माण होतात. जंतू शिरले की पेशी रासायनिक द्रव्ये सोडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये मज्जातंतूंना इतके हळवे करतात की साधा स्पर्शही सोसवत नाही. काही जंतू मज्जातंतूंना थेटही डिवचू शकतात, असे २०१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. तरीही मोठा वाटा शरीराच्या स्वतःच्या लढाईचाच. पू म्हणजे तरी काय? लढाईत कामी आलेल्या पांढऱ्या पेशींचा आणि जंतूंचा तो ढीग असतो.

मग ज्या मुलाची फौजच अपुरी आहे, त्याच्या कानात जंतू शिरूनही पुरेशी लाली नाही, पू नाही, ताप नाही आणि ठणकाही नाही, असे होऊ शकते. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असताना पांढऱ्या पेशी फार कमी होतात, तेव्हा असे घडते. स्टेरॉइड औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या मुलातही ताप आणि वेदना झाकल्या जातात. शरीरातील धोक्याची घंटा कशी मुकी होते, याचे एक नमुनेदार उदाहरण २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘आयरॅक-४’ नावाचे एक प्रथिन ‘जंतू आले’ हा निरोप पेशीच्या पृष्ठभागावरून आत पोचवते. ते जन्मतःच नसलेल्या मुलांत न्यूमोकॉकस जंतूंचे जीवघेणे आजार होतात, पण सुरुवातीला ताप मात्र नाममात्र येतो. हा विकार अतिशय विरळ आहे. त्याचा धडा मात्र मोठा आहे.

प्रतिकारशक्ती उणी असलेल्या प्रत्येक मुलाचा कान मुकाच राहतो, असे मात्र समजू नये. पुष्कळांना इतरांसारखेच दुखते. फरक हा की त्यांचा आजार पुनःपुन्हा उलटतो. पडद्याचे भोक भरून येत नाही, आणि उघड्या भोकातून पू विनासायास वाहू लागला की ताण उरत नाही. पुढचे सगळे हल्ले मग बिनवेदनेचे होतात. आपल्याकडे याला ‘कान वाहतो’ म्हणतात आणि ‘मोठा झाला की जाईल’ असे म्हणून सोडून देतात. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ विकार सांगितले आहेत. त्यांत दुखणारा कर्णशूल वेगळा, वाहणारा कर्णस्राव वेगळा आणि दुर्गंधी येणारा पूतिकर्ण वेगळा मोजला आहे. वाहणे आणि दुखणे नेहमी बरोबर असत नाहीत, हे निरीक्षण फार जुने आहे.

वारंवार फुटणाऱ्या कानामागे काय असू शकते, याचा एक मोठा उलगडा १९५२ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात झाला. ऑग्डेन ब्रूटन या बालरोगतज्ज्ञासमोर आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला न्यूमोकॉकसचे आजार पुनःपुन्हा होत होते. ब्रूटन यांनी त्याच्या रक्तातील प्रथिने विद्युतप्रवाहाने वेगवेगळी करून पाहिली, तेव्हा गॅमा ग्लोब्युलिन हा भाग दिसेचना. जंतूंना ओळखून धरणारी प्रतिपिंडे याच भागात असतात. दात्यांच्या रक्तातून काढलेले गॅमा ग्लोब्युलिन नियमित टोचू लागताच मुलाचे आजार आटोक्यात आले. या विकाराचे जनुक १९९३ मध्ये सापडले. ते एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून आई धडधाकट असते आणि विकार मुलग्यांत उतरतो. अशा घरात चौकशी करताना डॉक्टर एक साधा प्रश्न विचारतात : मुलाचे कोणी मामा लहानपणीच वारले का? आजीला ते सांगता येते. अशा मुलाच्या घशात टॉन्सिल अगदी लहान असतात किंवा दिसतच नाहीत. पहिले काही महिने आईकडून आलेली प्रतिपिंडे त्याला सांभाळतात. पहिला वाढदिवस जवळ येतो तसतशी कान, छाती व सायनसची दुखणी सुरू होतात. अशा विकारांपैकी काही आई व वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच होतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जेथे आहे तेथे अशा जोड्या जुळण्याचा संभव वाढतो.

जन्मजात विकार विरळ. त्यांपेक्षा नंतर आलेले दौर्बल्य कितीतरी अधिक आढळते. कुपोषण हे त्यातले पहिले. गोवर येऊन गेल्यावरही प्रतिकारशक्ती काही काळ खचलेली राहते. एच.आय.व्ही. असलेल्या बालकात वारंवार वाहणारा कान हे आरंभीचे लक्षण असू शकते. आणि क्षय! क्षयजंतूंनी मध्यकर्णात ठाण मांडले की कान न दुखता वाहतो आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. पडद्याला कधी एकाहून अधिक भोकेही दिसतात.

आता आपण हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावातल्या एखाद्या वर्गात येऊ. येथे कानतज्ज्ञाचे यंत्र नाही, पण रोज तीच मुले पाहणारे शिक्षक आहेत आणि शेजारी बसणारे मित्र आहेत. मुका कान ओळखायचा तो दुसऱ्याच खुणांवरून. हाक मारली तर मूल एकदा ‘ओ’ देते, एकदा देत नाही. एकच कान पुढे करते. श्रुतलेखनात जवळच्या उच्चाराच्या शब्दांची गल्लत करते. कानात कापसाचा बोळा असतो, जवळ गेल्यास वास येतो. ‘लक्ष नसते’ असा शेरा प्रगतिपुस्तकात पडलेल्या मुलांपैकी काहींना मुळात कमी ऐकू येत असते, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे. शंका आल्यास मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहून, त्याचा एक कान बोटाने बंद करून, ‘कमळ’, ‘बाजार’ असे शब्द कुजबुजावेत आणि त्याला पुन्हा म्हणायला सांगावेत. ही तपासणी ढोबळ आहे, पण डॉक्टरकडे पाठवावे की नाही एवढे ठरवायला पुरते.

दुसरे काम मोजण्याचे. वर्षात चार किंवा अधिक वेळा नव्याने कान बिघडणे, वर्षात दोनदा न्यूमोनिया, दोन महिने प्रतिजैविके देऊनही गुण न येणे, वजन न वाढणे, ही प्रतिकारशक्तीची तपासणी करावी असे सुचवणारी चिन्हे डॉक्टर मानतात. आईला ‘सारखाच फुटतो’ एवढेच आठवते. तारखा वहीत लिहिल्या असतील तर डॉक्टरचे निम्मे काम होते. कान वाहणाऱ्या बहुसंख्य मुलांची प्रतिकारशक्ती ठीकच असते हेही खरे. तेव्हा घाबरवू नये, आणि वर्गात कोणावर शिक्का तर मुळीच मारू नये.

काही खुणा मात्र दुसऱ्या दिवसावर टाकायच्या नाहीत : कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकलली जाणे, चेहरा एका बाजूला वाकडा होणे, चक्कर, मान ताठणे, उलट्यांसह डोकेदुखी. कानापासून मेंदू पातळ हाडाइतकाच दूर असतो. थोडासाच पण घाण वासाचा स्राव हाड पोखरणाऱ्या रोगाचाही असू शकतो, आणि तोही बहुधा दुखत नाही.

तेल, पानांचा रस, काडी, यांतले काहीही फुटक्या कानात घालू नये. पैनगंगेत डुंबायची हौस कान कोरडा होईपर्यंत आवरावी, कारण भोकातून पाणी सरळ मध्यकर्णात जाते.

दाखवायचे कोठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्याची पथके शाळा-अंगणवाड्यांत येऊन तपासणी करतात आणि त्यांच्या विकारांच्या यादीत मध्यकर्णदाह आहे. पथक येईल त्या दिवशी असे मूल गैरहजर राहू नये, एवढे शिक्षकांनी पाहिले तरी पुष्कळ. पुढच्या तपासणीसाठी मुदखेडमार्गे रेल्वेने नांदेड गाठता येते. तेथे विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात विकारांची खास तपासणी मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत होते.

निदान झाल्यावर उपचार कारणाप्रमाणे बदलतात. एच.आय.व्ही. आणि क्षयावर औषधे आहेत. प्रतिपिंडे नसलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी, हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळे केलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून द्यावे लागते. ते आयुष्यभर घ्यावे लागते आणि महागही असते. पडद्याचे भोक कानशिलाच्या स्नायूवरील पातळ आवरणाचे ठिगळ लावून बुजवता येते. पण शस्त्रवैद्य शक्यतो आधी कान काही काळ कोरडा राहू देतात आणि मगच ठिगळ लावतात.