ताटाच्या डाव्या बाजूची श्रीमंती

डिसेंबर उजाडला की खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, नाहीतर गरम पाण्याच्या तांब्यात उभी करावी लागते. शेजारच्या बरणीतलं करडईचं तेल मात्र तसंच वाहतं. दोन्ही तेलंच, मग थंडी एकालाच का वाजते?

गंमत रेणूच्या आकारात आहे. खोबरेल तेलातला सुमारे 90 टक्के मेद संपृक्त असतो. त्याच्या कार्बनच्या साखळ्या सरळ असतात, मोळीतल्या काठ्यांसारख्या एकमेकींना लगटून बसतात आणि तेल थिजतं. असंपृक्त मेदाच्या साखळीत एखादा दुहेरी बंध असतो, तिथे ती वाकते. वाकड्या काटक्यांची मोळी आवळून बांधता येत नाही, म्हणून ते तेल पातळच राहतं.

हे एक वाकण किती फरक करतं बघा. 18 कार्बनची साखळी घ्या. एकही दुहेरी बंध नसेल तर ते स्टिअरिक आम्ल, वितळायला जवळजवळ 70 अंश सेल्सिअस लागतात. एक बंध आला की ओलेइक आम्ल, ते 13-14 अंशांनाच वितळतं. दोन बंधांचं लिनोलेइक उणे 5 अंशांपर्यंत गोठत नाही आणि तीन बंधांचं लिनोलेनिक उणे 11 पर्यंत!

उंदरांच्या शेपटीने सांगितलेलं गुपित

मेद म्हणजे नुसतं इंधन, शरीर ते साखर-पिठातून बनवून घेतं, अशी एकेकाळी शास्त्रज्ञांची समजूत होती. 1929 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्याने उंदरांना मेद पूर्ण वगळून खायला घातलं. उंदरांच्या शेपट्यांवर खवले आले, वाढ खुंटली. लिनोलेइक आम्ल मिळाल्यावर ते सावरले. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन आम्लं आपलंही शरीर बनवू शकत नाही. ती ताटातूनच यावी लागतात.

आणि ताटात ती येतात कुठून? बहुतेकदा डावीकडून. शेंगदाण्याची, तिळाची, कारळ्याची, जवसाची चटणी आणि कूट घातलेली कोशिंबीर. आपण ज्याला तोंडीलावणं म्हणतो, तिथेच असंपृक्त मेदाचा खजिना आहे, असं माझं ठाम मत आहे.

डालडा: सरळ केलेली साखळी

1902 मध्ये विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पातळ तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याचं पेटंट घेतलं. 1937 मध्ये असंच घट्ट केलेलं तेल भारतात डालडा म्हणून आलं. या प्रक्रियेत काही दुहेरी बंध उरतात, पण त्यांची दिशा फिरते आणि वाकडी साखळी सरळ होते. हाच ट्रान्स फॅट. 13-14 अंशांना वितळणारं ओलेइक असं फिरलं की 44-45 अंशांना वितळतं. तो रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगलं घटवतो. जानेवारी 2022 पासून भारतात तेलात आणि वनस्पती तुपात तो 2 टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही. फार चांगलं झालं!

पिशवीवरचं वाक्य

‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ असं वाचून तेलाची पिशवी उचलत असाल तर थांबा. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, मग ते करडईचं असो की पाम तेल. पाहायचं ते संपृक्त मेदाचं प्रमाण. संपृक्त मेद कमी करून त्याजागी असंपृक्त घेतला, तर वाईट कोलेस्टेरॉल उतरतं. तूप सोडून मैदा-साखरेवर ताव मारला, तर तो फायदा हाती लागत नाही. तेल कुठलंही असो, एका ग्रॅममागे 9 कॅलरी ठरलेल्या. करडईचं आहे म्हणून पळी सैल सोडायची नाही.

बांगडा, तारली आणि शेवाळ

तारलीचं इंग्रजी नावच ‘ऑइल सार्डिन’. पश्चिम किनाऱ्यावर तिचं तेल होड्यांच्या लाकडाला लावायची पद्धत होती. बांगड्यात आणि तारलीत ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-3 आम्लं भरपूर. यातलं डीएचए आपल्या मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात असतं. पण मुळात ते तयार करतं समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ. लहान जीव ते खातात, त्यांना मासे, आणि माशांना आपण. बाजारात याच मासळीला गरिबाची मासळी म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं. पापलेटपेक्षा स्वस्त आणि या बाबतीत सरस!

कोशिंबिरीवरची फोडणी

गाजरातला केशरी रंग शरीरात शिरायला मेद लागतो. अमेरिकेतल्या आयोवामध्ये 2004 मध्ये काही जणांना तेल अजिबात नसलेलं ड्रेसिंग घालून सॅलड दिलं, तर ही रंगद्रव्यं रक्तात जवळजवळ पोचलीच नाहीत. गाजराच्या किसावर हिंग-मोहरीची चमचाभर फोडणी आणि वर दाण्याचं कूट घालणारी आजी हे काम कधीपासून करते आहे! दाण्याच्या तेलातला जवळपास निम्मा भाग ओलेइक आम्लाचा, म्हणजे ऑलिव्ह तेल ज्यासाठी नावाजतात त्याचाच.

काटेरी करडई

ज्वारीच्या शेताला कडेने करडई पेरतात, कारण काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत. कोवळी असताना तिचीच भाजी होते. सोलापूरच्या कोरडवाहू रानातल्या या पिकाच्या तेलात सुमारे 75 टक्के लिनोलेइक असतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तर बिनकाट्याचे वाणही काढले. तळणीला मात्र हे तेल पुन्हापुन्हा तापवू नका, जितके दुहेरी बंध जास्त तितकं ते उष्णतेने आणि हवेने लवकर बिघडतं.

आणि आता जवस

तपकिरी, चकचकीत, बोटांतून निसटणारं बी. तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल. तीन-तीन दुहेरी बंध असल्याने हे तेल हवेतला ऑक्सिजन धरतं आणि हळूहळू कडक होतं. म्हणूनच चित्रकार रंगात ते मिसळतात, क्रिकेटच्या बॅटला ते चोळतात, आणि 1860च्या दशकात त्यापासूनच लिनोलियमची फरशी बनली. जे बॅटला राखतं, तेच चटणीला खवट करतं.

अख्खे जवस गिळले तर बरेचसे न पचताच बाहेर पडतात, टरफल फार चिवट. म्हणून चटणीच बरी. कढईत मंद आचेवर जवस परता. तडतड सुरू झाली, दोन-चार दाणे बाहेर उडाले की आच बंद. गार झाल्यावर लसूण, जिरं, लाल तिखट आणि मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटा. गरम भाकरीवर घेताना वरून करडईच्या तेलाची धार. एका वेळी आठवड्यापुरतीच करा. बाकीचे जवस डब्यात अख्खेच राहू द्या, टरफलाच्या आत तेलाला हवा लागत नाही.