स्क्रीनशॉट पाठवण्याआधी चारी कडा बघा

मागच्या वर्षीची गोष्ट. वर्गातल्या एका मैत्रिणीनं रात्री साडेदहाच्या सुमारास मला व्हॉट्सॲपवर एक कविता पाठवली. वडिलांच्या आजारपणावरची. खाली लिहिलं होतं, "कुणाला दाखवू नकोस. फक्त तू वाच." मी वाचली आणि मला राहवेना. एवढी चांगली कविता आपल्या मंडळाच्या ग्रुपवर जायलाच हवी, असं वाटलं. मी स्क्रीनशॉट काढला. वर तिचं नाव दिसत होतं, त्यावर काळा पेन तीन-चार वेळा फिरवला. 'कुणाला दाखवू नकोस' ही ओळ कापून टाकली. आणि "ओळखा पाहू कुणाची?" असं लिहून दिला ग्रुपवर टाकून.

दहा मिनिटांत एकानं ओळखलं. कवितेवरून नव्हे! त्यानं तो फोटो आपल्या गॅलरीत उघडला, ब्राइटनेस पूर्ण वाढवला आणि काळ्या पट्टीखालून तिचं नाव वर आलं. मी वापरलेला पेन हा पेन नव्हताच, हायलायटर होता.

त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मंडळाच्या बैठकीलाही येईना. चूक हायलायटरची नव्हती, माझी होती, हे कळायला मला थोडा वेळ लागला. पण तेव्हापासून स्क्रीनशॉट या प्रकाराकडे मी जरा नीट बघायला लागलो. जे शिकलो ते इथे सांगतो. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे, स्क्रीनशॉट तर शाळेतली पोरंही काढतात. काढतात, खरंय. पण त्यात काय काय आलंय, हे किती जण बघतात?

काढायचा कसा

आधी सोपं. बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवरचं आणि आवाज कमी करायचं अशी दोन्ही बटणं एकदम दाबायची आणि लगेच सोडायची. एक आधी आणि एक नंतर असं झालं, तर स्क्रीन बंद होते नाहीतर आवाज तरी कमी होतो. अनेक कंपन्यांच्या फोनवर तीन बोटं वरून खाली ओढली तरी काम होतं. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर तळहाताची कड स्क्रीनवरून आडवी फिरवली तरी चालतं. या सोयी बंद असतील तर सेटिंगमध्ये जाऊन सुरू कराव्या लागतात. आयफोनला होम बटण नसेल तर बाजूचं बटण आणि आवाज वाढवायचं बटण. होम बटण असेल तर होम आणि पॉवर.

पानाचा मजकूर लांबलचक असेल तर आठ-दहा तुकडे काढत बसू नका. अँड्रॉइडच्या नव्या फोनवर स्क्रीनशॉट काढला की खाली एक छोटी पट्टी येते. तिच्यात पान पुढे सरकवत लांब स्क्रीनशॉट घ्यायची सोय असते. आयफोनवर सफारीमधलं अख्खं पान पीडीएफ म्हणून ठेवता येतं.

काही ठिकाणी मात्र स्क्रीनशॉट निघतच नाही. बँकेच्या ॲपमध्ये, किंवा व्हॉट्सॲपवर एकदाच बघता येईल असा पाठवलेला फोटो उघडल्यावर, फोन नकार देतो किंवा नुसतं काळं चित्र येतं. फोन बिघडलेला नसतो. त्या ॲपनंच तशी सूचना दिलेली असते. पण यावर फार विसंबू नका. समोरच्यानं दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला, तर कुठलंही ॲप त्याला अडवू शकत नाही. आणि व्हॉट्सॲपच्या साध्या गप्पांचा स्क्रीनशॉट कुणी काढला, तर तुम्हाला त्याची खबरही लागत नाही.

आमच्या बेळगावातला एक उपयोग

आमच्या घरी मराठी, पण बाहेर कागदोपत्री कन्नड. आजीला कन्नड बोललेलं कळतं, वाचता येत नाही. गल्लीच्या ग्रुपवर पाणी कधी सुटणार, कुठला अर्ज कधीपर्यंत भरायचा, अशा सूचना कन्नडमध्ये येतात. ॲपमधला मजकूर कॉपी होत नाही तेव्हा मी स्क्रीनशॉट काढतो आणि गूगल लेन्समध्ये उघडून भाषांतर मराठीत करायला सांगतो. चित्रातली अक्षरं वाचून लेन्स त्यावरच मराठी मजकूर दाखवतं. मराठी कधीकधी विनोदी असतं, पण काम भागतं. फक्त तारीख, रक्कम आणि माणसांची नावं मूळ चित्रात पुन्हा बघून घ्यायची. तिथे चूक झाली, तर हसण्यावारी नेता येत नाही.

कापायचं आणि झाकायचं

आता मुद्द्याचं. आपण स्क्रीनशॉट काढतो मधल्या मजकुरासाठी. पण फोन काही मधलंच टिपत नाही, अख्खी स्क्रीन टिपतो. वरच्या पट्टीत वेळ असते, बॅटरी किती उरली ते असतं, आणि नेमका त्याच क्षणी आलेला एखादा मेसेजही असतो. फी भरल्याची पावती पाठवताना वर बँकेचा ओटीपी झळकतो. ट्रेनच्या तिकिटाबरोबर पीएनआर जातो. हॉल तिकिटाबरोबर जन्मतारीख आणि सही जाते. क्यूआर कोड हा तर माणसाला न वाचता येणारा मजकूर. आपल्याला त्यात काही दिसत नाही म्हणून तो आपण झाकत नाही, पण ज्याच्याकडे फोन आहे तो कुणीही स्कॅन करू शकतो.

म्हणून मी स्वतःला एक सवय लावली आहे. पाठवण्याआधी चित्राच्या चारी कडा बघायच्या. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मधलं शेवटी.

नको असलेला भाग कडेला असेल तर क्रॉप करायचा, म्हणजे सरळ कापून टाकायचा. झाकण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. मधोमध असेल तर झाकावं लागतं, आणि तिथेच माझ्यासारखी फसगत होते. हायलायटरचा रंग पारदर्शक असतो. वाचताना महत्त्वाच्या ओळीवर फिरवायला तो बनवलेला, खालचं अक्षर दिसावं हाच त्याचा हेतू. काळा हायलायटर चार वेळा फिरवला की आपल्या डोळ्याला सगळं काळं दिसतं, पण अक्षराचा काळा आणि कागदाचा काळा यांत बारीकसा फरक उरतोच. ब्राइटनेस वाढवला की तो फरक उघडा पडतो. झाकायला पूर्ण अपारदर्शक रंग लागतो. एडिटमध्ये चौकोन काढायची सोय असेल तर रंगानं भरलेला चौकोन सगळ्यात बरा.

धूसर करणं, म्हणजे ब्लर, दिसायला छान दिसतं. पण आकडे झाकायला ते वापरू नका. आकडे दहाच. प्रत्येक आकडा धूसर केल्यावर कसा दिसतो हे ताडून बघणं कॉम्प्युटरला अवघड नसतं.

एवढं करूनही एक दगा उरतो. मार्च २०२३ मध्ये उघडकीला आलं, की गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या सोयीत एक दोष होता. स्क्रीनशॉट कापून पुन्हा सेव्ह केला की छोटं चित्र जुन्या मोठ्या फाइलच्या वर लिहिलं जायचं, पण जुन्या फाइलची उरलेली शेपटी पुसली जात नव्हती. त्या शेपटीतून कापलेला भाग बऱ्याच अंशी परत मिळवता येत होता! संशोधकांनी त्याला 'एक्रोपॅलिप्स' असं नाव दिलं. पाठोपाठ विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष सापडला. दोन्ही कंपन्यांनी दुरुस्ती केली. पण आधीच पाठवून झालेल्या चित्रांना दुरुस्ती कशी पोचणार?

यावर एक गावठी पण पक्का उपाय आहे. कापून-झाकून झालं की ते चित्र स्क्रीनवर उघडायचं, त्याचाच पुन्हा स्क्रीनशॉट काढायचा, आणि हा दुसरा पाठवायचा. दुसऱ्या चित्रात स्क्रीनवर जे दिसतंय तेवढंच येतं. मागचं काही त्याच्याबरोबर चालत येत नाही. अर्थात हायलायटरची चूक मात्र यानं सुधारत नाही. तिथे नाव थोडं का होईना दिसतच असतं.

आयफोनवाल्यांसाठी आणखी एक. फोटोजमध्ये केलेलं एडिट परत उलटवता येतं, मूळ चित्र तिथेच असतं. आपल्याला ते सोयीचं. पण फोन दुसऱ्याच्या हातात दिलात, तर त्यालाही तितकंच सोयीचं.

डोळ्यांनी पाहिलं, तरी

आमच्या खानावळीच्या काकूंना पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट दाखवला की त्या म्हणतात, "तुझ्या फोनवरचं मला नको दाखवू बाळ, माझ्या फोनवर येऊ दे." आम्ही हसायचो. पण काकूंचं बरोबर आहे. पैसे भरल्याचं खोटं चित्र तयार करणं कठीण राहिलेलं नाही. गप्पांचंही तेच. वर दिसणारं नाव हे ज्यानं स्क्रीनशॉट काढला त्यानं आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेलं असतं. मी माझ्या भावाचा नंबर 'प्राचार्य' म्हणून सेव्ह केला, तर प्राचार्यांनी मला उद्या सुट्टी दिल्याचा स्क्रीनशॉट दोन मिनिटांत तयार! म्हणून कुणाची बदनामी करणारा स्क्रीनशॉट फिरत आला, तर तो पुढे ढकलण्याआधी थांबा. आधीचे आणि नंतरचे मेसेज कुठे आहेत, हे विचारा.

याची दुसरी बाजूही आहे. कुणी खरोखर त्रास देत असेल, धमकावत असेल, तर स्क्रीनशॉट जरूर काढून ठेवा. तारीख, वेळ, नंबर दिसेल असा काढा, आणि तो कापू-झाकू नका. शिवाय मूळ मेसेज पुसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत कोर्टात देताना सोबत प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ फोन आणि मूळ मेसेज हाताशी असलेले बरे. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली असेल तर चित्रं जमवत बसू नका. आधी १९३० वर फोन करा.

सगळ्यात शेवटी, सगळ्यात आधी

माझ्या त्या रात्रीच्या गोष्टीकडे पुन्हा बघतो तेव्हा कळतं, की मी पेन बरोबर निवडला असता तरी गोष्ट चुकीचीच होती. नाव दिसलं नसतं, पण कविता दिसलीच असती. ती माझी नव्हती. वडिलांच्या उशाशी बसून कुणीतरी एकाच माणसासाठी लिहिलेलं मी साठ जणांपुढे ठेवलं. आणि मी कापलेली ओळ कुठली, तर नेमकी तीच, जिनं मला अडवलं असतं. कुठलंही एडिट हे झाकू शकत नाही. त्यासाठी स्क्रीनशॉट काढण्याआधी एकच प्रश्न विचारायचा असतो, "पाठवू का?"

हा लेख लिहिला आणि आधी तिला पाठवला. अख्खा. दोन तासांनी तिचं उत्तर आलं, "छापा. नाव नको, कविता नको." हे उत्तर लेखात लिहू का, हेही विचारलं. "लिही," म्हणाली.

त्या उत्तराचा स्क्रीनशॉट काढून ठेवलास का, असं आमच्या संपादकांनी गमतीनं विचारलं. नाही काढला.