खांद्यावर मावेल तेवढा आवाज

1985 च्या सुमारास तालुक्याच्या गावात गाण्याचा कार्यक्रम ठरला की कोणता साउंड आणायचा, हा प्रश्नच पडत नसे. बाजारपेठेत लाऊडस्पीकरवाल्याचं एखादंच दुकान असे. तिथं जाऊन तारीख सांगायची आणि विसार द्यायचा. लग्न असो, प्रचारसभा असो की शास्त्रीय गायन, येणारं सामान ठरलेलं: आहुजाचं मशीन, दोन कर्णे, दोन माईक आणि वायरचं भेंडोळं. एका सायकलवर सगळं मावे. तिथून पुढच्या चाळीस वर्षांत हे सामान सायकलवरून टेम्पोत चढलं आणि आता टेम्पोतून उतरून पुन्हा माणसाच्या हातात आलं आहे. या साऱ्या काळात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांबरोबर वावरताना एक गोष्ट मला कायम खटकत आली. साउंड ठरवताना आपण पहिल्यांदा वॉट विचारतो. माईक किती उघडे राहणार, ते तोंडापासून किती लांब असणार आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कुठून ऐकू येणार, हे कोणी विचारतच नाही. गाणं उभं राहतं किंवा कोसळतं ते मात्र यावर.

कर्ण्याला आज सगळे नावं ठेवतात, पण त्याची हुशारी आधी मान्य करायला हवी. कर्ण्याला एक वॉट दिला तरी एका मीटरवर शंभर डेसिबलहून जास्त आवाज निघतो. त्यामुळे तीस-चाळीस वॉटच्या मशीनवर आख्खी वाडी ऐकू शकत असे. ही मशीनं विजेवर चालत, तशीच 12 व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवरही. लाईट गेली तरी कीर्तन थांबत नसे. शिवाय 100 व्होल्टच्या लाइनवर कर्णे जोडले की बारीक वायरनंही आवाज लांबवर नेता येई, म्हणून देवळातून निघालेली वायर थेट वेशीपर्यंत जाई. न्यायला-आणायला सोपी ध्वनियंत्रणा म्हणून कर्ण्याच्या तोडीचं काही नंतर बरीच वर्षं झालं नाही.

गाण्याच्या दृष्टीनं मात्र तो अपुरा होता. साधा कर्णा साधारण तीनशे हर्ट्झच्या खाली नीट बोलतच नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्जच 139 हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे गवयाचा मूळ सा कर्ण्यातून बाहेरच पडत नसे. त्याच्या वरच्या स्वरांशांवरून आपला कान तो मनातल्या मनात भरून काढी. ओळखीचा गवई ओळखू येई, शब्द कळत, पण आवाजाचं भरीवपण हरवलेलं असे. डग्गा तर जवळजवळ बेपत्ता. घिस्सा नुसता कळायचा, घुमायचा नाही. म्हणून जाणते श्रोते कर्ण्याखाली न बसता गवयाच्या समोर, पहिल्या दोन-तीन रांगांत जागा धरत.

त्याही आधीची पिढी माईकशिवायच गात होती. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला तेव्हा केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांच्यामध्ये आणि शेवटच्या रांगेमध्ये फक्त हवा होती. लाऊडस्पीकर आपल्याकडे रुळला तो राजकीय सभांतून. गांधीजी आणि नेहरूंच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत माईकवर 'शिकागो रेडिओ' ही अक्षरं दिसतात. नाव परदेशी वाटलं तरी ती मोटवाने कुटुंबाची इथलीच कंपनी. भाषणासाठी आलेलं हे यंत्र गाण्यानं उचललं आणि त्यातून गाणंच बदललं. हळू आवाजात, शब्द जपत गायचं भावगीत माईकशिवाय हजार माणसांपुढे उभं राहूच शकलं नसतं. ख्याल गाणाऱ्यांनाही खर्जात, कुजबुजीच्या पातळीवर आलाप करण्याची मोकळीक मिळाली. माईकची निवड हा आपल्या गाण्याच्या घडणीचाच एक भाग आहे, असं मी म्हणतो ते यासाठी.

नव्वदच्या दशकात ऑर्केस्ट्रांनी साउंडवाल्यांचं दुकान बदलून टाकलं. प्लायवूडचे मोठे बॉक्स आले. त्यांत पंधरा इंची स्पीकर, वर हॉर्न, वेगळी अँप्लिफायरची रॅक, बारा चॅनेलचा मिक्सर. शूअर कंपनीचा एसएम 58 हा 1966 साली निघालेला माईक, पण आमच्याकडच्या लहान गावांत तो आणि त्याच्या असंख्य नकला पोचल्या या सुमारास. प्रथमच डग्गा घुमू लागला, प्रथमच बासरीतला श्वास ऐकू आला. तो आनंद मोठा होता. पण दीडशे माणसांच्या नाट्यसंगीताच्या मैफलीलाही टेम्पो, दोन हमाल आणि दुपारपासूनची जुळवाजुळव लागू लागली. मंडळांचं निम्मं बजेट साउंडमध्ये जाई आणि तबलजीच्या बिदागीत काटछाट होई. हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

याच काळात वॉटची चढाओढ सुरू झाली. 'आमच्याकडे दोन हजार वॉट आहे' हे वाक्य पत्रिकेवर छापायचं तेवढं बाकी राहिलं होतं. वॉटचा हिशेब मुळात असा आहे: वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलनं वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. उलट माईक तोंडापासून दोन वितींवरून एका वितीवर आणला तर माईकमध्ये शिरणारा आवाज 6 डेसिबलनं वाढतो. तोच फरक वॉटनं गाठायचा तर शंभराचे चारशे करावे लागतील. आणि एवढं करूनही स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून शिट्टी वाजायला लागली, तर ते वॉट वापरताच येत नाहीत.

शिट्टीचं गणित भजनी मंडळात जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही. एका मारुतीच्या देवळातला प्रसंग आहे. मुख्य गायक, मागे झील धरणारे, पेटी, पखवाज, टाळकरी. यजमानांनी हौसेनं आठ माईक लावून घेतले होते. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी मिळणारी आवाजाची पातळी 3 डेसिबलनं घटते. म्हणजे एका माईकच्या तुलनेत आठ माईक उघडे ठेवले की 9 डेसिबल गेलेच. साउंडवाला घाम पुसत एकेक खटका खालीवर करत होता. फरशी, दगडी भिंती, वर घुमट, आणि सगळे टाळ सगळ्या माईकमध्ये. मंडळातले जुने पखवाजवादक उठले आणि त्यांनी टाळांपुढचे माईक काढून घेतले, झिलकऱ्यांचे तीन काढून एकच मधोमध ठेवला, पेटीचा माईक भात्यापासून हलवून वरच्या बाजूला, सूर बाहेर पडतात तिथं वीतभर अंतरावर आणला. टाळांना माईक लागत नाही, ते इतरांच्या माईकमधून हवे तेवढे येतातच. उरले चार माईक. मशीन होतं तेच राहिलं आणि पहिल्या अभंगाला शब्द न् शब्द मागच्या ओट्यापर्यंत पोचला.

1995 मध्ये जेबीएलचा इऑन आला आणि स्पीकर, अँप्लिफायर एकाच प्लॅस्टिकच्या खोक्यात बसले. पुढे 1999 मध्ये मॅकीचा एसआरएम 450 आला. स्पीकर हलके होत गेले त्यामागे तीन गोष्टी होत्या. पहिली निओडिमियमचं चुंबक, लहान आकारात जबरदस्त ताकद देणारं. दुसरी, तापून ऊर्जा वाया न घालवणारी क्लास डी अँप्लिफायरची जात. तिसरी, जड ट्रान्सफॉर्मरची गरज संपवणारा स्विचिंग पॉवर सप्लाय. हे तिन्ही गुण एकाच खोक्यात उतरायला काही वर्षं गेली. आज बारा इंची पॉवर्ड स्पीकर एक माणूस स्टँडवर चढवतो. नाट्यसंगीत, गझल, भावगीत यांच्या दोनशे माणसांच्या सभागृहाला असे दोन स्पीकर पुरतात. इथं टेम्पोची गरज संपली. दोन स्पीकर, मिक्सर आणि माईकची पेटी एका मोटारीच्या डिकीत आणि मागच्या सीटवर बसू लागली.

बोसनं 2003 मध्ये एल 1 काढला आणि निवडीचा विचारच वेगळा झाला. हा एक बारीक उंच खांब. त्यात लहान स्पीकर एकावर एक रचलेले, पायाशी बेसचं खोकं. साधा बॉक्स घेतला तर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं पडतो. पुरेशा उंच खांबाचा आवाज जवळच्या टप्प्यात 3 डेसिबलच्या आसपासच पडतो. म्हणून पहिली रांग बधिर होत नाही आणि शेवटची उपाशी राहत नाही. कलाकाराच्या मागे खांब उभा करायचा, म्हणजे श्रोते ऐकतात तेच कलाकारही ऐकेल आणि वेगळा मॉनिटर लागणार नाही, ही त्यामागची कल्पना. गिटार घेऊन उभ्यानं गाणाऱ्या एकट्या कलाकारासाठी ती फार छान आहे.

आपल्या बैठकीत ती जशीच्या तशी बसत नाही. गायक मांडी घालून बसतो, त्याच्या माईकचं तोंड त्याच्याकडे आणि म्हणूनच त्याच्यामागच्या खांबाकडे. शेजारी डग्ग्याचा माईक, आणि बेसचं खोकं त्याच लाकडी स्टेजवर. डग्ग्यावर थाप पडली की स्टेज थरथरतं, ती थरथर स्टँडमधून माईकमध्ये चढते आणि 'हूं' असा न संपणारा घुमारा सुरू होतो. खांब गायकाच्या मागे न ठेवता दोन्ही बाजूंना, कलाकारांच्या ओळीच्या किंचित पुढे ठेवावा, आणि बेसचं खोकं स्टेजवरून खाली जमिनीवर उतरवावं. बहुतेक वेळा एवढ्यानं काम होतं. डग्ग्याचा माईक पुडीच्या वर वीतभर, तिरका धरावा आणि त्याचा बेस मिक्सरवर वाढवू नये, कारण माईक जवळ आल्यानं बेस आपोआप वाढलेला असतो. या जागा जुळल्या की खांब हा बैठकीच्या गाण्यासाठी मला साध्या बॉक्सपेक्षा सरस वाटतो. तानपुरा सगळ्यांना सारखा ऐकू येतो, आणि तानपुरा ऐकू येणं ही माझी पहिली कसोटी आहे.

दरम्यान कायद्यानंही निवडीला वळण लावलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी, निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा. रात्रभर चालणाऱ्या मैफली आटोपत्या झाल्या, हे नुकसान खरं आहे. पण डॉल्बीच्या भिंतींनी कान किटलेल्या गल्लीत राहणाऱ्याला हे नियम किती आवश्यक आहेत हे सांगावं लागत नाही. लहान यंत्रणा नीट जागी ठेवून वापरणाऱ्याला त्यांची अडचणही फारशी होत नाही.

2018 मध्ये बोसचाच एस 1 प्रो आला. साधारण सात किलो वजन, लिथियम बॅटरी, एका चार्जवर अकरा तासांपर्यंत चालण्याचा कंपनीचा दावा. पाठोपाठ इतरांचेही तसे स्पीकर आले. 1985 चं बॅटरीवरचं मशीन पुन्हा भेटलं, आणि यावेळी डग्ग्यासकट. ओसरीवरचं भजन, सोसायटीच्या गच्चीवरची कोजागरी, अंगणातलं भारूड यांना याहून सोयीचं काही नाही. मर्यादा दोन. बॅटरीवर तो किती वेळ टिकतो हे आवाजावर अवलंबून, आणि उघड्या मैदानात चाळीस-पन्नास माणसांपलीकडे त्याला ओढू नये. त्यात माईकची जागाही मोजकीच. गायक आणि पेटी जोडली की तबल्यासाठी वेगळा मिक्सर लागतो. तानपुऱ्याला कंडेन्सर माईक लावायचा असेल तर त्याला 48 व्होल्टचा पुरवठा देणारा मिक्सर हवाच.

मिक्सरच्या बाबतीत टॅबलेटवरून चालवायचे डिजिटल मिक्सर ही गेल्या दहा-बारा वर्षांतली मला सर्वात मोलाची सुधारणा वाटते. आमच्याकडे साउंडवाला वर्षानुवर्षं विंगेत बसत आला. श्रोत्यांना काय ऐकू येतंय हे त्याला कळायला मार्गच नव्हता, गायकाच्या खाणाखुणांवर त्याचा कारभार. आता तो टॅबलेट घेऊन सातव्या रांगेत बसू शकतो. दोन माईकच्या कार्यक्रमाला हा खर्च करू नये. कीर्तनकार फिरता असेल, कानामागून येणारा हेडसेट माईक लावलेला असेल आणि तो गातागाता स्पीकरसमोर येत असेल, तर मात्र जिथून शिट्टी उठते ती नेमकी पट्टी तिथल्या तिथं कापायला याहून चांगलं साधन नाही. गर्दीच्या सभागृहात वायफाय दगा देतो, म्हणून वेगळा राउटर स्टेजजवळ ठेवावा.

आज कोणी मंडळ विचारतं, पैसे थोडे आहेत, काय घ्यावं? मी सांगतो, आधी दोन चांगले माईक, जड पायाचे स्टँड आणि मजबूत कॉर्ड घ्या. कार्यक्रम बंद पडतात ते बहुतेक तुटक्या कॉर्डमुळे, स्पीकर जळल्यामुळे क्वचितच. मग साधा सहा-आठ चॅनेलचा मिक्सर. कॅसिओ किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा जोडताना घरघर येऊ नये म्हणून एक डीआय बॉक्स, कारण अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या सॉकेटवर ती हमखास येते. स्पीकर महिन्यातून एकदाच लागणार असतील तर भाड्यानं आणा. दर आठवड्याला लागणार असतील तर विकत घ्या. पण घेण्याआधी दुकानात मोबाईलवरचं गाणं लावून ऐकू नका. आपला तबलजी आणि आपली गायिका बरोबर न्या, स्पीकर पूर्ण आवाजात न वाजवता बैठकीच्या आवाजात ठेवा, आणि तिला डोळे मिटून मंद्रातला पंचम लावायला सांगा. तिथं ती न ताणता गात असेल, तर बाकीचा हिशेब दुकानदाराशी घासाघीस करण्यापुरता उरतो.