सोयरीक, संतती आणि संशोधन

धाराशिव जिल्ह्यात सोयरीक जुळविताना मामाची मुलगी अथवा आत्याचा मुलगा यांचा विचार अनेक घराण्यांत आधी होतो. क्वचित मामा-भाचीचा विवाहही होतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने जवळच्या नात्यातील विवाहास मनाई केली असली, तरी रूढीपुरती सूट ठेवली आहे. लेक ओळखीच्या घरी नांदावी, हा त्यामागील विचार होय. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु त्याची दुसरी बाजूही समजून घेणे अगत्याचे आहे.

बहुतेक जनुकांच्या दोन प्रती आपणांत असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली. पुष्कळ विकारांत एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम भागविते. अशी व्यक्ती वाहक असते, रोगी नव्हे. आपणांपैकी बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या दोषाचे वाहक असतात. नात्याबाहेरच्या जोडीदारात नेमका तोच दोष असण्याचा योग विरळा. मामे-आते भावंडांत मात्र जनुकांचा सरासरी एक अष्टमांश, तर मामा-भाचीत एक चतुर्थांश भाग सामाईक पूर्वजांकडून आलेला असतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भास आजाराची शक्यता २५ टक्के असते. ‘एक मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुखरूप’ हा हिशेब खरा नव्हे. दर खेपेस फासे नव्याने पडतात. नात्यातील विवाहांतूनही बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात, हेही तितकेच खरे.

मूल मान धरीत नाही, चालता चालता पडू लागते, तेव्हा कुटुंब देवऋषीपासून मोठ्या शहरातील डॉक्टरांपर्यंत फिरते. निदान होईतो वर्षे जातात आणि बोल मात्र आईला लागतो. वर सांगितलेल्या प्रकारच्या आजारात दोषाचा निम्मा वाटा पित्याकडून आलेला असतो, एवढे जरी घराघरांत पोचले तरी पुष्कळ झाले.

अशा कुटुंबांनी एकत्र येऊन काय साधता येते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुलास सिकलसेल असल्याचे कळल्यावर नागपूरचे संपत रामटेके यांनी रुग्णकुटुंबांची संघटना उभी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. सिकलसेल विदर्भात फार दुर्मिळ नाही, पण तो याच सुप्त पद्धतीने उतरतो. या आजाराचे मूळ हिमोग्लोबिनमधील एका अमिनो आम्लाच्या बदलात आहे, हे १९५७ मध्ये इंग्रॅम यांनी दाखविले. २०२३ मध्ये त्यावरील जनुक-संपादन उपचारास ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. मधल्या सहासष्ट वर्षांतील संशोधन रुग्णांनी दिलेल्या रक्तावाचून झाले नसते.

संशोधनास साहाय्य म्हणजे संमतीने दिलेले थोडे रक्त, घराण्याची माहिती आणि वेळोवेळी तपासणीस येणे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दुर्मिळ व आनुवंशिक आजारांची राष्ट्रीय नोंदणी हाती घेतली आहे. त्याचा लाभ कुटुंबासही होतो: दोष नेमका कळला, की भावंडांची वाहक-तपासणी आणि पुढील गरोदरपणी ११ ते १३ आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी शक्य होते.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथके अंगणवाडीत व शाळेत येतात. शंका त्यांच्यापुढे मांडावी, तेथून पुढे जिल्हा रुग्णालयात पाठविले जाते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणान्वये मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्र असून, धोरणात समाविष्ट आजारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. काही औषधांच्या किमती कोटींत असल्याने ही रक्कम अपुरी पडते, हे नाकारता येणार नाही.

तपासणीस जाताना जुने अहवाल आणि तीन पिढ्यांची वंशावळ लिहून न्यावी. ती लिहिताना आजीला जवळ बसवावे. तान्हेपणी दगावलेली मुले तिलाच आठवतात, आणि डॉक्टरांना नेमकी तीच नोंद हवी असते.