बंद यंत्रातली वीज

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून उतरणाऱ्या अडगळीत हल्ली एखादा जुना, पिक्चर ट्यूब पोटातच असलेला संगणकही असतो. नाशिकमध्ये असे संगणक मी हौसेने जमवतो, उघडतो. पाहणारा हमखास विचारतो, "प्लग काढलाय ना, मग भीती कसली?" या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर द्यायला हवे.

या जातीतला प्रसिद्ध नमुना म्हणजे ॲपलचा १९८४चा मॅकिंटॉश. नऊ इंची कृष्णधवल पडदा, वीजपुरवठा आणि संगणक, सारे एकाच पेटीत. १९८५मध्ये त्यावर 'पेजमेकर' आले आणि अक्षरजुळणी टेबलावर आली. मासिकांच्या जगाशी या पेटीचे नाते असे जुने आहे.

तिच्यातली ट्यूब ही मुळात फर्डिनांड ब्राउनची १८९७ची कल्पना. इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याकडे खेचायला छोट्या कृष्णधवल ट्यूबला सुमारे बारा हजार व्होल्ट लागतात, मोठ्या रंगीत ट्यूबला पंचवीस हजारांपर्यंत. ट्यूबच्या काचेला आतून-बाहेरून ग्राफाइटचा काळा लेप असतो. दोन लेप आणि मध्ये काच, म्हणजे अठराव्या शतकातली लायडनची बरणीच! वीज गेली तरी बरणी भरलेली राहते. एकदा रिकामी केली तरी काचेत मुरलेला भार थोड्या वेळाने पुन्हा वर येतो.

पण सगळे घाबरतात ते ट्यूबला, आणि खरा साठा असतो दुसरीकडे. एक नॅनोफॅरडची ट्यूब बारा हजार व्होल्टला जेमतेम ०.०७ ज्यूल ऊर्जा धरते. वीजपुरवठ्यातला २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टला साडेअकरा ज्यूल धरतो, म्हणजे दीडशेपटीहून अधिक. ट्यूबचा झटका बहुधा हात झटकायला लावतो, आणि तो हात नेमका ट्यूबच्या नाजूक मानेवर आपटतो. कपॅसिटरचा झटका मात्र जिवावर बेतू शकतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. प्लग काढून पेटी काही तास तशीच ठेवायची. अंगठी, घड्याळ, कडे उतरवायचे, डोळ्यांवर चष्मा चढवायचा, घरात दुसरे माणूस हवे. एक हात खिशात, म्हणजे वीज छातीतून आरपार जायला वाट राहत नाही. वायरचे एक टोक आधी ट्यूबच्या पाठीवरच्या उघड्या तारेला जोडायचे. दुसरे टोक उच्च दाबाच्या रोधकातून लांब, इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला. मग त्याचे पाते रबरी टोपीखाली सरकवून आतल्या धातूला काही सेकंद टेकवायचे. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. साधा मल्टिमीटर इथे लावायचा नाही, बारा हजार व्होल्ट त्याला झेपत नाहीत. वीजपुरवठ्याच्या कपॅसिटरवर मात्र तोच मीटर लावून दाब पाहायचा आणि दोन हजार ओहम, पाच वॅटच्या रोधकातून तो उतरवायचा. आकडा शून्याजवळ आल्याशिवाय बोट लावायचे नाही. यातले एकही वाक्य अनोळखी वाटले, तर पेटी जाणत्या मेकॅनिककडे न्यावी.

धोका केवळ विजेचा नाही. ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते, त्यामुळे नऊ इंची पडद्यावरही हवेचा दाब अडीचशे किलोंच्या आसपास भरतो. काच फुटली तर तुकडे आधी आत ओढले जातात आणि मग चहूकडे उडतात. काचेत शिसेही असते, विशेषतः रंगीत ट्यूबच्या.

अंबड-लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७मध्ये हटवला, पण भंगाराचा धंदा थांबत नाही. तांब्यासाठी ट्यूबच्या मानेवरचे वेटोळे काढणाऱ्या हातांना यातले कुणी काही सांगितलेले नसते. तेव्हा जुनी पेटी दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका, नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात पोचवा. आणि द्यावीच लागली, तर आतली बरणी भरलेली असू शकते, एवढे त्याला सांगा.